तुलनेच्या तक्त्यात आजोबा कुठे आहेत?

गणेशोत्सव आटोपला की डोंबिवलीत खरेदीचे वारे वाहू लागतात. फडके रोड, मानपाडा रोड आणि स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतून मोबाईलच्या दुकानांवर नवे फलक चढतात, ‘जुना द्या, नवा घ्या’ची हाकाटी सुरू होते. दिवाळीच्या पहाटे ज्या फडके रोडवर गावातील तरुणाई नव्या कपड्यांत लोटते, तेथे आता नवा फोनही हातात असावा लागतो. पूर्वी घरात साधा प्रेशर कुकर घ्यायचा तरी चार जाणत्यांचा सल्ला घेतला जाई. शेजारच्या काकूंचा कुकर किती वर्षे चालला, त्याची रबरी रिंग कुठे मिळते, शिट्टी बिघडली तर कोण दुरुस्त करतो, हे प्रश्न आधी आणि किंमत नंतर. आज सल्ल्याची जागा तक्त्याने घेतली आहे.

टिळकनगर किंवा रामनगरातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगा ऐरोलीत किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीला. रात्रीची जेवणे झाली की तो तक्ता उघडून बसतो. तीन फोन, तीन रकाने. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती मिलिअँपिअर-तासांची, रॅम किती, पडदा किती हर्ट्झचा, चार्जिंग किती वॅटचे. त्याचा हातातील फोन जेमतेम अडीच वर्षांचा आहे. तक्रार एवढीच की संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये बसेपर्यंत बॅटरी संपत येते. नवा फोन आला की हा फोन सूनबाईंकडे जाईल, सूनबाईंचा आईकडे आणि आईचा आजोबांकडे. आजोबांच्या हाती जो येईल, तो घरातील सर्वांत जुना, सर्वांत मंद आणि कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेला फोन असेल.

आजोबांचे निवृत्तिवेतन मात्र त्याच फोनमधून हलते. बँकेचे संदेश, आधारशी जोडलेला क्रमांक, औषधांचे पैसे, नातवाच्या शाळेचे निरोप, सारे त्यात. “बाबा, तो अपडेटचं विचारेल तेव्हा ‘नंतर’ दाबा,” असे मुलाने त्यांना बजावून ठेवलेले असते. ‘नंतर’ दाबण्याचाही प्रश्न दोन वर्षांपूर्वीच संपला आहे, कारण त्या फोनला अपडेट येणेच बंद झाले आहे, हे त्या घरात कोणाला ठाऊक नाही. मुलाच्या तक्त्यात वीस ओळी आहेत. त्यातील एकीतही आजोबांचा विचार नाही. मोबाईल कंपन्यांनी, त्यांच्या जाहिरातदारांनी आणि त्यांच्याकडून फुकट फोन घेऊन ‘निःपक्षपाती’ परीक्षणे करणाऱ्या यूट्यूबवरील पंडितांनी मध्यमवर्गाला तुलना करायला शिकवले खरे. परंतु कशाची तुलना करायची, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडेच ठेवला.

आकड्यांची जत्रा

तक्त्यातील आकडे खोटे असतात असे नाही. ते बहुधा खरेच असतात आणि म्हणूनच फसवे असतात. मेगापिक्सेलचे उदाहरण घ्यावे. २०० मेगापिक्सेलचा म्हणून जो कॅमेरा विकला जातो, त्याने नेहमीच्या वापरात टिपलेले छायाचित्र साधारणपणे साडेबारा मेगापिक्सेलचे असते. सोळा सूक्ष्म बिंदू एकत्र करून त्यांचा एक बिंदू घडवला जातो; कमी प्रकाशात चित्र स्वच्छ यावे म्हणून केलेली ती चांगली युक्ती आहे. पण दुकानाच्या फलकावर लिहिले जाते ते २००, साडेबारा नव्हे. मागच्या बाजूस तीन-चार भिंगे दिसावीत म्हणून त्यांपैकी एखादे दोन मेगापिक्सेलचे, कोणत्याही कामाचे नसलेले, बसवून देण्याची चाल तर स्वस्त फोनमध्ये वर्षानुवर्षे रूढ आहे. रॅमच्या रकान्यात ‘आठ अधिक आठ’ असे लिहिलेले असते. त्यातील दुसरे आठ हे साठवणुकीच्या जागेतून उसने घेतलेले असतात आणि त्यांचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही फिरकत नाही.

जेथे वेगाची चाचणी होते, तेथे तर परीक्षार्थीच कॉपी करताना पकडले गेले आहेत. चाचणीचे ॲप सुरू झाल्याचे ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवण्याची क्लृप्ती सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ४ मध्ये २०१३ सालीच उघडकीस आली. जुलै २०२१ मध्ये वनप्लस ९ चे आणि मार्च २०२२ मध्ये सॅमसंगच्या एस २२ सह आधीच्या अनेक महागड्या फोनांचे गुणांक ‘गीकबेंच’ या चाचणी करणाऱ्यांनी आपल्या यादीतून काढून टाकले. चाचणीत पूर्ण वेग आणि नित्याच्या ॲपमध्ये मर्यादित वेग, असा प्रकार तेथे आढळला होता. छायाचित्रांची गोष्टही निराळी नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये हुवावेच्या इजिप्तमधील जाहिरातीत फोनने काढल्याचे भासवलेली सेल्फी प्रत्यक्षात मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्याने टिपली होती. जाहिरातीतील अभिनेत्रीनेच चित्रीकरणाची पडद्यामागची छायाचित्रे समाजमाध्यमावर टाकली, म्हणून बिंग फुटले.

पाण्याचा दावा डोंबिवलीकरांच्या विशेष जिव्हाळ्याचा. २६ जुलै २००५ ज्यांनी अनुभवला आहे आणि दर पावसाळ्यात फलाटावरून लोकलमध्ये शिरताना निम्मे भिजणे ज्यांच्या नशिबी आहे, त्यांना ‘आयपी ६८’ ही अक्षरे वाचून धीर येणे स्वाभाविक आहे. हे प्रमाणपत्र प्रयोगशाळेतील स्वच्छ, स्थिर, गोड्या पाण्याचे असते. नव्या, अभंग फोनची ती परीक्षा असते. दोन वेळा पडून कडा उचकटलेल्या फोनची नव्हे. त्यातही मौज अशी की, ज्या कंपन्या पाण्यात बुडवलेला फोन जाहिरातीत मिरवतात, त्यांच्याच हमीपत्रात पाण्याने झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२० मध्ये या विसंगतीवरून ॲपलला एक कोटी युरोंचा दंड केला. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये न्यायालयाने सॅमसंगला याच स्वरूपाच्या जाहिरातींबद्दल १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावयास लावले. आपल्या तक्त्यात मात्र ‘पाणीरोधक : होय’ एवढी एकच ओळ असते आणि तिच्यापुढे हिरवी खूण असते.

‘फाइव्ह जी : होय’ ही दुसरी अशीच ओळ. देशात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. त्या वर्षीच्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झची लहर एकट्या जिओने घेतली. ही लहर जाड भिंतींतून अधिक आत पोचते, म्हणजे जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील मागच्या खोलीत तिचाच उपयोग. तंत्रज्ञांच्या भाषेत तिला ‘एन २८’ म्हणतात. घेऊ त्या फोनमध्ये ती आहे की नाही, हे कोणी विचारतच नाही. ज्याला आपले सिम कोणाचे आणि आपले घर कसले हे ठाऊक आहे, त्याने हा एक प्रश्न विचारला तर रकान्यातील दहा आकड्यांपेक्षा तो अधिक कामी येईल.

आणि ज्यांची स्पर्धा म्हणून हा सारा खटाटोप, ते स्पर्धक तरी एकमेकांपासून किती निराळे? ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने आयफोन १२ सोबत चार्जर देणे बंद केले, तेव्हा सॅमसंगने समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. तीन महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, सॅमसंगचा एस २१ आला. त्याच्याही डब्यात चार्जर नव्हता.

एका घराची अनेक दारे

जून २०२० ची आठवण या संदर्भात काढणे क्रमप्राप्त आहे. १५ जूनच्या रात्री गलवान खोऱ्यात २० भारतीय जवानांना वीरमरण आले. देश संतापला. चिनी मालावर बहिष्काराचे संदेश घरोघरी पोचले आणि २९ जूनला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. तथापि, त्या दोन तारखांच्या मधोमध, १८ जून रोजी, वनप्लस ८ प्रो हा चिनी फोन भारतात विक्रीस खुला झाला आणि काही मिनिटांत संपला. बहिष्काराचे संदेश पाठवणारे आणि तो फोन घेणारे हे दोन निराळे समाज होते, असे मानण्याचे काही कारण नाही. संदेश ज्या फोनवरून पुढे गेले, त्यांतील कित्येक फोन शाओमी, व्हिवो आणि ओप्पोचेच होते. हे लिहिणे कटू आहे. परंतु आपल्याच माणसांना आरसा दाखवायचा नाही तर कोणाला?

दोष केवळ ग्राहकाचा नाही. त्याला तुलनेचा जो तक्ता दिला जातो, त्यात ‘वनप्लस की ओप्पो की रिअलमी’ अशी निवड असते. रिअलमी २०१८ मध्ये ओप्पोच्याच घरातून निघाली. वनप्लसने २०२१ मध्ये आपले काम ओप्पोत विलीन केल्याचे स्वतःच जाहीर केले. ‘आयक्यू’ हे व्हिवोचे अपत्य. व्हिवो आणि ओप्पो या दोघांचे मूळ बीबीके या एकाच चिनी समूहात. रेडमी आणि पोको ही शाओमीची नावे. तक्त्यात सहा रकाने असले, तरी पलीकडे घरे दोनच असतात. त्याहून पुढे जाऊन पाहिले तर कॅमेऱ्याचा संवेदक बहुतेक वेळा सोनीचा किंवा सॅमसंगचा, चिप क्वालकॉमची किंवा मीडियाटेकची, अनेक आयफोनांचा पडदासुद्धा सॅमसंगने बनवलेला. तीन रात्री जागून केलेली तुलना पुष्कळदा एकाच बाजारातील एकाच मालाच्या वेष्टनांची असते.

मग स्वदेशीचे काय? येथेही भावनेपेक्षा हिशेब बरा. मायक्रोमॅक्सने २००८ मध्ये महिनाभर पुरणाऱ्या बॅटरीचा साधा फोन आणला, तो खेड्यापाड्यांतील विजेची अडचण ओळखून. २०१४ च्या सुमारास ही कंपनी स्मार्टफोनमध्ये सॅमसंगच्या तोडीस तोड उभी होती. परंतु तिचे आणि तिच्यासोबतच्या इतर भारतीय कंपन्यांचे बरेच फोन चीनमधून तयार येत आणि येथे त्यावर नाव लागे. २०१४ मध्ये शाओमी थेट भारतात उतरली, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने बाजार एका झटक्यात फोर जीकडे वळवला आणि नुसत्या नावाच्या बळावर उभी असलेली दुकाने कोसळली. त्याच वर्षी फेब्रुवारीत नोएडातील एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली. दाखवलेल्या नमुन्यावर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या शाईने झाकलेले निघाले. अशा भोंदूगिरीने स्वदेशी या शब्दाचे जे नुकसान केले, ते कोणत्याही परदेशी कंपनीला साधले नसते.

महाराष्ट्राने स्वदेशीचा निराळा धडा पाहिला आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला आणि तेथील ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोचला. परदेशी कंदिलाशी त्याची तुलना झाली नसेल असे नाही. पण ग्राहकाच्या लेखी कंदिलाचे मोल तो पेटण्यात होते, तसेच काच फुटली तर काच मिळण्यात आणि वात संपली तर वात मिळण्यातही होते. वस्तू देशी असणे आणि वस्तू टिकणे या दोन गोष्टी तेथे एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या.

आज ‘मेड इन इंडिया’ ही अक्षरे बहुतेक सर्व फोनांवर दिसतात. श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, तेव्हा जे चित्र होते ते आता नाही. जुलै २०१८ मध्ये सॅमसंगने नोएडात आपला विस्तारित कारखाना सुरू केला. २०२० मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली. २०२३ मध्ये कर्नाटकातील कोलारनजीकचा विस्ट्रॉनचा कारखाना टाटा समूहाने घेतला आणि एक भारतीय कंपनी आयफोन जोडू लागली. या कामातून हजारो तरुण-तरुणींना रोजगार मिळाला आहे आणि त्याला ‘नुसती जुळवणी’ म्हणून नाक मुरडणारे विद्वान कारखान्याच्या फाटकापर्यंतही गेलेले नसतात. मात्र चिप अजून बाहेरूनच येते, हेही खरे. धोलेऱ्यातील चिप कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली आहे. चिनी कंपनीचा फोन उत्तर प्रदेशात जुळवला गेला म्हणून तो स्वदेशी होत नाही. आणि लावासारख्या नोएडाच्या भारतीय कंपनीचा आहे म्हणून त्याला बाकीचे प्रश्न माफही होत नाहीत. सुरक्षेची अपडेट किती वर्षे देणार, सुटे भाग किती वर्षे देणार, हे तिलाही तितक्याच स्पष्टपणे विचारले पाहिजे. देशी कंपनीला ग्राहकाने कठोर प्रश्न विचारले, तरच ती मायक्रोमॅक्सच्या वाटेने जाणार नाही.

किती वर्षे?

तक्त्यात सर्वांत वर असायला हवा असा रकाना सहसा तक्त्यातच नसतो. तो आहे वर्षांचा. फोनचे आयुष्य काचेने किंवा धातूने ठरत नाही. कंपनी त्याला सुरक्षेची अपडेट किती काळ पाठवते आणि त्याची बॅटरी बदलता येते का, यावर ते ठरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस २४ ला सात वर्षांचे वचन दिले. हे महागड्या फोनांचे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये १९ हजारांच्या आत भारतात आलेल्या सॅमसंगच्या ए १६ फाइव्ह जी लाही सहा वर्षांचे वचन मिळाले. म्हणजे कंपन्यांना हे जमत नाही अशातला भाग नाही. जेथे ग्राहक विचारत नाही, तेथे त्या दोन-तीन वर्षांत हात झटकतात आणि त्याच किमतीत २०० मेगापिक्सेलचे गाजर दाखवतात.

जुना फोन मुद्दाम मंद केला जातो, हा आरोप पूर्वी चहाच्या टपरीवरील गप्पांत जमा होता. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनेच मान्य केले की जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग अपडेटद्वारे कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असा खुलासा झाला. तो खोटाही नसेल. पण ग्राहकाला सांगितले गेले नव्हते. बॅटरी बदलून वेग परत मिळतो हे न कळल्याने कितीजणांनी नवा फोन घेतला असेल! नंतर कंपनीने माफी मागून बॅटरीची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणली. इटलीने २०१८ मध्ये अशाच प्रकरणांत ॲपल आणि सॅमसंग या दोघांनाही दंड केला. फ्रान्सने २०२० मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा केला.

युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच लागू केला आहे : बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, विक्री बंद झाल्यानंतर सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षे प्रणालीची अपडेट मिळाली पाहिजेत. जो फोन बर्लिनमध्ये या अटी पाळून विकला जातो, तोच डोंबिवलीत कोणत्याही अटीविना का विकला जावा? आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ सांगणारे संकेतस्थळ सुरू केले. मे २०२५ मध्ये त्याच विभागाच्या समितीने फोन आणि टॅब्लेटना दुरुस्तीयोग्यतेचे गुण द्यावेत, अशी शिफारस केली. फ्रिजवर विजेच्या बचतीचे तारे असतात, तसे हे गुण. ते डब्यावर सक्तीने छापले जावेत, ही मागणी ग्राहक चळवळीने लावून धरण्यासारखी आहे. कंपन्या ती स्वतःहून मान्य करणार नाहीत. दुरुस्तीचे कौशल्य आपल्या गल्लीत आजही आहे. स्थानकाजवळच्या चार फुटांच्या खोक्यात बसून भिंगाखाली तारा जोडणारा कारागीर पडदा, बॅटरी, चार्जिंगचे भोक, सारे दुरुस्त करतो. त्याला अस्सल सुटे भाग मिळत नाहीत आणि फोन गोंदाने असा चिकटवलेला असतो की तो उघडणेच मुश्कील व्हावे.

मराठीचा मुद्दा थोडक्यात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की, देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर सर्व अधिकृत भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भाषेत लिहिता आले पाहिजे. वाचण्याची हमी मराठीला मिळाली; लिहिण्याची मिळालीच असे नाही. त्याच सुमारास पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘इंडस ओएस’ ही भारतीय भाषांत चालणारी प्रणाली बाजारात आणली, मायक्रोमॅक्सच्या फोनांत ती आलीही. तो प्रयत्न आज केवळ ॲपच्या दुकानाच्या रूपाने उरला आहे. फोन घेताना दुकानातच भाषा मराठी करून पाहावी, ‘ळ’ आणि अर्धा ‘ऱ’ नीट उमटतो का ते तपासावे. पाच मिनिटांचे काम आहे.

उलटा क्रम

आता पुन्हा त्या घराकडे वळावे. घरातील फोन वरून खाली झिरपतात : कमावत्याकडे नवा, वृद्धाकडे उतरलेला. यात कोणाचा दुष्टपणा नाही. ‘त्यांना काय, फोन घ्यायचा आणि करायचा’ असे समजण्याची सवय आहे आणि आजोबाही ‘मला कशाला नवा?’ असे म्हणून त्या सवयीला हातभार लावतात. पण दहा वर्षांपूर्वी जे खरे होते ते आज नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले, त्यानंतर भाजीवाल्यापासून वीजबिलापर्यंत सारे फोनवर गेले. नोव्हेंबर २०२१ पासून निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. त्याला पुरेसा नवा अँड्रॉइड आणि बरा कॅमेरा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप अँड्रॉइड ४.४ वर चालेनासे झाले आणि मे २०२५ मध्ये आयफोन ६ सह जुन्या आयफोनांवरही ते बंद झाले. ज्यांची मुले पुण्यात किंवा परदेशात आहेत, अशा वृद्धांची त्यामुळे एका सकाळी नातवंडांशी गाठच तुटली.

भामट्यांची नजरही याच वयावर असते. ‘डिजिटल अटक’ नावाच्या धमकीबद्दल पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये देशाला सावध करावे लागले. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक दंडाच्या नावाने येणाऱ्या फाइली उघडताच फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो. अशी फसवणूक मुख्यतः भीतीने आणि भुलवण्याने होते, नव्या फोनवरही होते. फोन नवा घेतला म्हणजे माणूस सुरक्षित झाला असे मुळीच नाही. परंतु ज्या फोनच्या प्रणालीतील भोके कंपनीने बुजवणेच थांबवले आहे, त्यात आयुष्यभराची पुंजी ठेवणे म्हणजे कडी तुटलेल्या घरात दागिने ठेवणे आहे. आणि ती कडी तुटलेली खोली घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या वाट्याला यावी?

पं. दीनदयाळ उपाध्यायांनी अंत्योदयाचा विचार समाजासाठी मांडला. शेवटच्या माणसापासून सुरुवात, ही त्याची दिशा. ती घराच्या उंबरठ्यावरच थांबावी असे काही त्यात नाही. नव्या फोनचा तक्ता मांडण्याआधी घरातील सर्व फोन टेबलावर ठेवावेत आणि प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. ज्याची तारीख सर्वांत जुनी, त्याच्यासाठी नवा फोन. ज्याचा फोन अडीच वर्षांचा आहे आणि केवळ बॅटरी थकली आहे, त्याने बॅटरी बदलावी. तिचा खर्च नव्या फोनच्या किमतीचा लहानसा हिस्सा असतो. आजोबांसाठी घेतलेल्या फोनला २०० मेगापिक्सेल लागणार नाहीत. त्याला लागेल मोठे अक्षर, मोठा आवाज, सहा वर्षांची अपडेट आणि मराठी. अशा फोनसाठी वीस हजारही पुरतात. मुलाने पाहून ठेवलेल्या फोनच्या किमतीत दोन येतील.

येथे हप्त्यांची भुरळ आडवी येते. ‘बिनव्याजी’ म्हणून जे हप्ते दिले जातात, त्यात व्याज नसते हे खरे नाही. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती हप्तेवाल्याला नाकारून तेथून ते वसूल होते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांबद्दल फटकारले होते. व्याजाच्या भागावर आणि प्रक्रिया शुल्कावर १८ टक्के कर लागतो तो निराळाच. हप्त्यांवर महाग फोन घेणारा माणूस दोन वर्षे त्या फोनचा चाकर असतो. हप्ते संपतात तोवर दुकानावर पुन्हा फलक चढलेले असतात.

जुना फोन बदल्यात देण्याआधी त्यातील सारे पुसून, खात्यांतून बाहेर पडून मगच द्यावा. दुसऱ्याने वापरलेला फोन घ्यायचा असेल तर *#०६# दाबून येणारा क्रमांक ‘संचार साथी’वर तपासावा. कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये दारात उभ्या असलेल्यांच्या हातांवर फटका मारून पाडलेले फोन कुठे ना कुठे विकले जातच असतात.

केंद्र सरकारच्या निवृत्तांना हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. ज्यांचे वय ८० च्या पुढे आहे, त्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा असते. दिवाळीची खरेदीही त्याच दिवसांत होते. आजोबांचा फोन चेहरा ओळखतो की नाही, हे त्याआधीच्या एखाद्या रविवारी सकाळी, त्यांच्या शेजारी बसून, करून पाहता येते.